खिळे जुळवणाऱ्याची वेबसाइट



आमच्या कुपवाडच्या विहारात अभ्यासिका आहे. त्या अभ्यासिकेची वेबसाइट आहे आणि तिच्यावरचा बराचसा मजकूर मी लिहितो, असे सांगितले की पाव्हणेमंडळी माझ्याकडे जरा संशयाने बघतात. त्यांचेही चुकत नाही. माझे शिक्षण नववी नापास. वय पासष्टीला आलेले. निम्मी हयात एम.आय.डी.सी.तल्या फौंड्रीत गेली. पण त्याच्या आधी अठरा वर्षे मी कंपोझिटर होतो, हे नव्या पोरांना ठाऊक नसते.

१९७६ साली मी सांगलीच्या गावभागातील एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. इंग्रजीची केस सोपी. आपल्या देवनागरीला काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरे धरून शेकडो घरे. कुठल्या घरात 'क्ष' आणि कुठल्यात 'द्ध', हे बोटांना पाठ असावे लागे. अक्षर उलटे वाचायचे, ओळ स्टिकमध्ये भरायची, गॅलीवर उतरवायची, दोऱ्याने बांधून प्रूफ काढायचे, मग फर्मा आवळून ट्रेडलवर. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, सोसायट्यांचे अहवाल आणि चौदा एप्रिलची हँडबिले. हँडबिल आले की मालक म्हणायचा, "हे तू घे, तुझ्या हातचं चांगलं येतंय." त्याचा अर्थ मला कळत होता, पण काम मी मनापासून करायचो.

१९९४ साली छापखान्यात कॉम्प्युटर आला. मालकाने खिळे किलोवर मोडीत घातले. शिसे वितळायला गेले आणि मी कुपवाडच्या फौंड्रीत लोखंड वितळवायला गेलो. हसण्यासारखे आहे, पण त्या वर्षी हसू आले नव्हते.

आता मूळ गोष्ट सांगतो.

२०१४ साली आमच्या वस्तीतल्याच एका हुशार पोराने अभ्यासिकेची वेबसाइट करून दिली. घराघरातून वर्गणी काढली होती. साइट दिसायला देखणी होती. स्पर्धा परीक्षांची माहिती, शिष्यवृत्तीच्या तारखा, विहाराचे फोटो, कार्यकारिणीची नावे आणि फोन नंबर असे सगळे तिच्यावर होते. माझ्या थोरल्या बंधूंनी, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, आपल्या हाताने लिहिलेली अकरा पानेही होती. १९७२ च्या दुष्काळात जत तालुक्यातून आमचे कुटुंब कसे बाहेर पडले, खडी फोडण्याच्या कामावर आईने काय सोसले, मिलो आणि सुकडी कशी खाल्ली, आणि कुपवाडच्या माळावर आम्ही कसे टेकलो, ते सगळे त्यात होते. आण्णा २०१६ साली गेले. हस्तलिखित घर बांधताना कुठे गेले कुणास ठाऊक. आम्ही निर्धास्त होतो, कारण साइटवर आहेच की!

त्या साइटचे कुलूप मात्र आमच्याकडे नव्हते. पोरगा पुण्याला लागला, मग परदेशी गेला, नंबर बदलला. त्याच्यावर माझा राग नाही, पोटामागे माणूस जाणारच. त्याने ती साइट कुठल्याशा कंपनीच्या भाड्याच्या साधनावर उभारली होती आणि नाव, पासवर्ड, सगळे त्याच्या एकट्याच्या खात्यावर होते. एक अक्षर बदलायचे तरी आम्हाला करता येत नव्हते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. कुपवाड उंचावर असल्याने वाचले. विहार आणि अभ्यासिका आम्ही पूरग्रस्तांसाठी उघडली. बायाबापड्या, म्हातारी माणसे, एक बाळंतीण, दीडशेच्या वर माणसे होती. मुंबई-पुण्याचे नातेवाईक आपली माणसे शोधत होते. त्यांनी साइट बघून फोन लावले, आणि साइटवर नंबर होता आमच्या आधीच्या सेक्रेटरींचा, जे २०१७ सालीच वारले होते.

तो फोन त्यांच्या घरी होता. वहिनींनी तो बंद केला नव्हता, नवऱ्याची आठवण म्हणून चालू ठेवला होता. आठ दिवस त्या माउलीने फोन घेतले. प्रत्येक जण पहिल्यांदा त्यांच्या मालकांचेच नाव घ्यायचा, आणि ती प्रत्येकाला सांगायची की ते आता नाहीत, तुम्ही कुणाला शोधताय ते सांगा. नातवाच्या शाळेच्या वहीत नावे लिहून घ्यायची आणि नातवाला सायकलवरून विहारात पाठवायची. आम्हाला हे तिसऱ्या दिवशी कळले. मी कपाळाला हात लावला. छापखान्यात नंबर चुकला तर चिकटपट्टी लावायची सोय असे. इथे तीही नव्हती.

पुढच्या वर्षी, लॉकडाऊनमध्ये, त्या कंपनीने ती योजनाच बंद केली. एके दिवशी साइट उघडेना. आण्णांची अकरा पाने गेली.

माझी सून एम.एस.सी.आय.टी. झालेली, लग्नाआधी मिरजेत एका दुकानात डी.टी.पी. करायची. २०२१ साली ती कमिटीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, साइट मी करते, पण या वेळी ती मुक्त सॉफ्टवेअरवर करायची. वर्डप्रेस. कमिटीत एक टेलर काका आहेत, व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "पोरी, फुकटचं टिकत नसतंय. उद्या करणारा पळाला म्हंजे?"

सुनेने जे उत्तर दिले, ते मला नंतर तिच्याकडून पुन्हा नीट समजावून घ्यावे लागले. वर्डप्रेसचीच जन्मकथा करणाऱ्याने सोडून दिल्याची आहे. आधी 'बीटू' नावाचे एक छोटे सॉफ्टवेअर होते, मिशेल वाल्द्रिगी नावाच्या माणसाने केलेले. २००२-०३ च्या सुमारास त्याचे काम थांबले. वापरणारे लोक अडकले, आमच्यासारखेच. पण त्याने ते जी.पी.एल. नावाच्या परवान्याखाली दिले होते. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन माणसाने १९८९ साली लिहिला. त्याचा गाभा असा, की प्रोग्राम कुणीही वापरावा, आतली घडण उघडून बघावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, मात्र पुढे देताना हेच हक्क पुढच्यालाही द्यायचे. म्हणून अमेरिकेतला एकोणीस वर्षांचा मॅट मुल्लेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी ते अर्धे राहिलेले काम उचलले, आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेस बाहेर आले. आज जगातल्या शंभर साइटांपैकी चाळीसहून जास्त त्याच्यावर चालतात.

"म्हणजे करणारा पळाला तरी काम पळत नाही, काका," सून म्हणाली. "आपला तो दादा गेला आणि सगळं घेऊन गेला, तसं इथं होणार नाही."

टेलर काकांनी मग पैशाचे विचारले. तेही रास्तच. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत, पण नावाचे आणि जागेचे भाडे वर्षाला भरावे लागते. आम्हाला ते अडीच हजारांच्या आत पडते. कुणी 'सगळे फुकट' म्हणाले तर विश्वास ठेवू नका. शिवाय भारत सरकारनेही २०१५ साली आपल्या कामांसाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले होते, हे तिने छापून आणले होते. कमिटीत सरकारी कागदाला वजन असते. ठराव पास झाला.

मला त्या वेळी एक जुनी गोष्ट आठवत होती. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, पुढे 'बहिष्कृत भारत' काढला. दुसऱ्याच्या छापखान्याच्या भरवशावर आपले पत्र चालत नाही, म्हणून 'भारत भूषण प्रिंटिंग प्रेस' उभा केला. कंपोझिटर असताना मी याचा विचार केवळ यंत्र म्हणून करायचो. आता साइट बंद पडल्यावर कळले की प्रश्न किल्ली कुणाकडे, हा आहे.

असो. सुनेने साइट उभी केली आणि मला म्हणाली, "मामा, मजकूर तुम्ही लिहायचा. माझ्याच्यानं स्वयंपाक, पोरं आणि हे सगळं होणार नाही."

मी म्हटले, "अगं, मला ते कोड-फोड येत नाही."

"कोड नाही हो. बघा तर."

आता इथे थोडे थांबून सांगतो. आमच्यासारख्याला पहिल्यांदा पटत नाही, पण वेबसाइटचे पान म्हणजे आत सगळ्या खुणा असतात. शीर्षक इथे सुरू, इथे संपले, हे ठळक, हे चित्र. पूर्वी त्या खुणा हाताने लिहाव्या लागत. दृश्य संपादक म्हणजे असे साधन, की छापल्यावर जसे दिसणार तसेच लिहिताना समोर दिसते आणि खुणा ते स्वतः मागे घालते. खिळे उलटे वाचायची गरज संपली, असे मी माझ्यापुरते समजून घेतले.

सुनेने सांगितलेली एक गोष्ट मला फार लागली. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संस्थेत पहिला ब्राउझर केला, त्यात वाचताही येत होते आणि तिथल्या तिथे लिहिताही येत होते. १९९३ साली सर्नने ते सगळे कुणालाही मोफत वापरायला खुले केले. पण त्याच सुमारास जे ब्राउझर घरोघरी पोचले, ते फक्त बघण्याचे होते. लिहिण्याचा भाग बाजूला राहिला. लाखो लोक नुसते वाचक झाले, आणि लिहायचे असेल तर कुणाला तरी पैसे द्या. पुढे ही दृश्य संपादकाची साधने आली, तेव्हा ते गेलेले परत मिळाले.

वर्डप्रेसचा जो नवा संपादक आहे, त्याचे नाव गुटेनबर्ग. मला हे सांगताच मी खुर्चीतून उठलो. योहान्स गुटेनबर्ग! जर्मनीतल्या माइंझ गावचा, पंधराव्या शतकात धातूचे सुटे खिळे पाडून छापणारा, आमच्या धंद्याचा मूळपुरुष. त्याच्या नावाचा संपादक ६ डिसेंबर २०१८ ला बाहेर आला. त्या दिवशी मी दरवर्षीप्रमाणे चैत्यभूमीवर रांगेत उभा होतो. जगात दुसरीकडे काय चालले आहे, मला काय ठाऊक!

त्यात सगळे 'ब्लॉक' असतात. परिच्छेद एक ब्लॉक, शीर्षक एक ब्लॉक, फोटो एक ब्लॉक. ब्लॉक म्हटले की मला लाकडावर ठोकलेला जस्ताचा ब्लॉक आठवला, फोटो छापायचा. इथे तो बोटाने वर-खाली सरकवता येतो. फर्मा न सोडता! पहिल्या दिवशी मी एकच परिच्छेद तासभर वर-खाली करत बसलो. नातू म्हणाला, "आजोबा गेम खेळतायत."

तिसऱ्या दिवशी मी सगळे पान पुसून टाकले. कुठले बटण दाबले, आजही सांगता येणार नाही. अंगाला घाम फुटला. केस पालथी झाली की छापखान्यात 'पाय' म्हणायचे, आणि ते निवडायला दोन-दोन दिवस जायचे. सून आली, 'आवृत्त्या' म्हणून एक जागा उघडली. प्रत्येक वेळी जतन केलेले जुने रूप तिथे तारीख-वेळेसह थप्पीने होते. सकाळचे रूप निवडले आणि पान जसेच्या तसे परत आले. त्यानंतर माझी भीती गेली.

पण कंपोझिटरची खोड जात नाही. माझे पहिले भांडण 'दऱ्या'वरून झाले. जतच्या डोंगरातल्या दऱ्या लिहायला गेलो तर पडद्यावर 'दर्या' उमटले. दर्या म्हणजे समुद्र! जतमध्ये समुद्र कुठून? केसमध्ये आमच्याकडे त्या आडव्या 'र'चे वेगळे घर असे. मग कळले की युनिकोडमध्ये त्यासाठी खाली टिंब असलेला 'ऱ' वेगळा दिला आहे, तो वापरला की बरोबर येते. दुसरे भांडण 'ल' आणि 'श'चे. साइटवर हिंदी वळणाचे येत होते. सुनेने साइटची भाषा मराठी लावली, फाँट बदलला, तेव्हा आपले वळण आले. लोक म्हणतील, एवढ्याने काय होते. मला होते.

आण्णांची पाने सापडली ती याच युनिकोडच्या वाटेने. ज्या डी.टी.पी.च्या दुकानातून २०१४ साली ती पाने टाइप केली होती, तिथली एक सी.डी. सुनेने माझ्या जुन्या पत्र्याच्या पेटीतून शोधली. उघडली तर सगळा इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. मी म्हटले, झाले, गेले हे पण. ती म्हणाली, गेले नाही. पूर्वीच्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. तो फाँट मशीनवर नसला की मूळ इंग्रजी अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र 'क'ला जगभर 'क' म्हणूनच नंबर आहे. जुन्याचे युनिकोड करणारी साधने आहेत, तिने त्यातून मजकूर काढला. निम्मी वेलांटी इकडची तिकडे. मी चष्मा लावून आठ रात्री प्रूफ तपासले. सहाव्या पानावर आईचे वाक्य होते, खडी फोडताना ती आण्णाला काय म्हणाली ते. मी ते पूर्ण विसरलो होतो. त्या रात्री पुढे काम झाले नाही.

सगळेच गोड नाही, हेही लिहितो. हे सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत करावे लागते, नाहीतर चोर शिरतात. २०२३ साली सुनेचे बाळंतपण होते, तीन महिने कुणी बघितले नाही. नंतर एक जोडसाधन अद्ययावत केले आणि साइट पांढरी पडली. अक्षरशः कोरा कागद. दर महिन्याला मजकुराची आणि फोटोंची एक प्रत आम्ही उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवतो, म्हणून दोन दिवसांत परत उभी राहिली. आणि मुक्त म्हणजे भांडणे नाहीत असेही नाही. २०२४ च्या सप्टेंबरात मुल्लेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन नावाची मोठी कंपनी यांच्यात वर्डप्रेसवरून जुंपली, ते अमेरिकेच्या कोर्टात गेले. टेलर काकांनी मला पेपरातली बातमी आणून दाखवली, "बघा, तुमचं फुकटचं!" मी म्हटले, त्यांचे भांडण त्यांच्यापाशी. आमची प्रत आमच्या कपाटात आहे, ती कुठल्याही भाड्याच्या जागेवर नेऊन मांडता येते.

किल्ल्यांची वाटणी सुनेने पहिल्याच दिवशी केली. वर्डप्रेसमध्ये हुद्दे असतात. योगदानकर्ता लिहू शकतो पण प्रकाशित करू शकत नाही. लेखक आपले लिहिलेले प्रकाशित करतो. संपादक सगळ्यांचे तपासतो. सगळ्या किल्ल्या प्रशासकाकडे. अभ्यासिकेतली पोरे-पोरी योगदानकर्ता आहेत, मी संपादक. प्रशासक दोघे, एक सून आणि एक चालू सेक्रेटरी. एकट्याच्या हाती नाही. पासवर्ड लिहून लाखेने बंद केलेले पाकीट विहाराच्या कपाटात प्रोसिडिंग बुकाशेजारी असते. सेक्रेटरी बदलला की पाकीट बदलते. नववी नापास माणूस संपादक झाला, हे आण्णांना बघायला हवे होते.

पोरांना मी शुद्धलेखनावरून फार छळतो असे म्हणतात. त्यातल्या एका मुलीने मला मराठी विकिपीडिया दाखवला. तोही मुक्त सॉफ्टवेअरवरच, २००३ पासून चालू आहे. तिथेही पूर्वी ठळक करायला तीन-तीन अवतरणचिन्हे घालावी लागत, पुढे तिथे दृश्य संपादक यायला लागला. सांगली जिल्ह्याविषयीच्या पानावर मी एक वेलांटी सुधारली. माझी मजुरी द्या म्हटले तर ती हसली.

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी मी पुराचे पान तपासतो. विहारात किती माणसे मावतील, कुणाला फोन करायचा, औषधे कुणाकडे. नंबर एकेक फिरवून बघतो, लागतो का. २०२१ साली हे पान पहिल्यांदा केले तेव्हा आधीच्या सेक्रेटरींचा नंबर मी काढून टाकला आणि त्यांचे नाव माजी पदाधिकाऱ्यांच्या यादीत घातले. वहिनींना सांगणे बरे, म्हणून त्यांच्या घरी गेलो. म्हटले, वहिनी, आता तुम्हाला त्रास होणार नाही, नंबर काढला.

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत जाऊन ती शाळेची वही घेऊन आल्या. निम्मी भरलेली, निम्मी कोरी.

"भाऊजी, ते तिथं नकोत, हे बरोबर आहे. पण नंबर राहू द्या. माझ्या नावानं घाला. पूर आला की लोक फोन करणारच, आणि मला आता सवय आहे."

मी तिथेच त्यांच्या कट्ट्यावर बसून मोबाइलवर पान उघडले. त्यांनी नाव सांगितले तसे अक्षर-अक्षर घातले, त्यांना वाचून दाखवले. त्यांनी आडनावातली एक वेलांटी ऱ्हस्वची दीर्घ करायला लावली. केली, आणि 'अद्यतन करा' दाबले.